अनोळखी हातांसाठी आखलेला बोर्ड

बीसी५४७ आणि २एन३९०४ हे दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवले, तर अंगावरचे बारीक आकडे वाचल्याशिवाय सरावलेल्या माणसालाही ते ओळखता येत नाहीत. दोन्ही काळे, दोन्हींची एक बाजू सपाट, दोन्हींना खाली तीन पाय. कामही इतकं जवळचं की एक संपला असला तर दुकानदार बिनदिक्कत दुसरा पुढे करतो. पण सपाट बाजू आपल्याकडे करून पाय खाली धरले, की २एन३९०४चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि बीसी५४७चे कलेक्टर, बेस, एमिटर. एकाच्या हिशेबाने आखलेल्या बोर्डावर दुसरा व्यवस्थित बसतो, सोल्डरचा डागही सुबक पडतो, आणि सर्किट काही चालत नाही.

चूक कोणाची? बोर्ड जोडणाऱ्याची, असं उत्तर पटकन येतं. डेटाशीट वाचायला काय झालं होतं? घरी रेडिओ बनवणाऱ्यांच्या जगात मात्र गेली वीस-बावीस वर्षं या उत्तराला हळूहळू फाटा मिळत गेला. शंभर जणांनी एक बोर्ड जोडला आणि त्यातल्या वीस जणांनी तीच चूक केली, तर ती चूक बोर्डाची धरायची. मग पुढच्या आवृत्तीत बोर्ड असा आखायचा की ती चूक होऊच नये, किंवा झालीच तर लगेच दिसावी. हे तत्त्व एखाद्या बड्या कारखान्यात रुजलं असतं तर त्याचं नवल नव्हतं. इथे ते रुजलं हौशी लोकांमध्ये, आणि त्यातली एक ठळक गोष्ट घडली आपल्या शेजारी, हैदराबादला.

नळाचा वॉशर आणि टीव्हीचा बलून

हौशी रेडिओचालकाला जगभर ‘हॅम’ म्हणतात. आपल्याकडे परीक्षा देऊन केंद्र सरकारचा परवाना घ्यावा लागतो, मग ‘व्हीयू’ने सुरू होणारं स्वतःचं बोलचिन्ह मिळतं आणि ठरावीक लहरींवर प्रक्षेपण करता येतं. परवाना हाती येतो, पण रेडिओचं काय? परदेशी बनावटीचा संच पगारदार माणसाच्या आवाक्याबाहेरचा. स्वतः बनवावा तर परदेशी मासिकांतल्या सर्किटमध्ये जे भाग सांगितलेले असत, ते आपल्या बाजारात मिळत नसत. मुंबईचा लॅमिंग्टन रोड काय किंवा पुण्याची बुधवार पेठ काय, तिथे रेझिस्टर-कपॅसिटर शेकड्याने मिळत. पण अमुक नंबरचा टोरॉइड, म्हणजे तार गुंडाळायची ती फेराइटची किंवा लोहचूर्णाची छोटी कडी, मागितली की दुकानदार मान हलवायचा.

हैदराबादचे अशर फरहान (बोलचिन्ह व्हीयू२ईएसई) यांनी २००३च्या सुमारास प्रसिद्ध केलेला ‘बिटएक्स’ हा संच या अडचणीतूनच आला. १४ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यावर बोलणारा, सुमारे ६ वॉटचा, एसएसबी (सिंगल साइडबँड) पद्धतीचा हा ट्रान्सीव्हर. त्याची कल्पकता दोन ठिकाणी होती. एक तर त्याचे ॲम्प्लिफायर दुतर्फी होते. ऐकताना संदेश ज्या वाटेने आत येतो, त्याच वाटेने बोलताना तो बाहेर जातो. तोच मिक्सर, तोच क्रिस्टल फिल्टर, फक्त वीज कुठल्या बाजूच्या ट्रान्झिस्टरला द्यायची ते बदलायचं. त्यामुळे भाग कमी झालेच, शिवाय ॲम्प्लिफायरची तीच मांडणी, तेच रेझिस्टर, त्याच किमती पुन्हा पुन्हा येऊ लागल्या. पहिला टप्पा जोडताना घाम फुटतो, पण पुढच्या टप्प्यापर्यंत हात सरावलेले असतात.

दुसरी कल्पकता सामानाच्या यादीत होती. फिल्टरसाठी १० मेगाहर्ट्‌झचे क्रिस्टल घेतले, कारण संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात ते स्वस्तात मिळत. ऑसिलेटर ठेवला ४ मेगाहर्ट्‌झच्या आसपास. दहा आणि चार चौदा. रुंद पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरसाठी टीव्हीच्या अँटेनाजवळ लागणारे बलूनचे गाभे चालवले. ऑसिलेटरच्या कॉइलला टोरॉइड मिळत नसेल तर? नळात घालतात तो प्लॅस्टिकचा वॉशर घ्यायचा आणि त्यावर तार गुंडाळायची. शेवटच्या टप्प्याला आयआरएफ५१०, हा मुळात पॉवर सप्लायसारख्या कामांसाठी बनलेला मॉसफेट, रेडिओचा ट्रान्झिस्टर म्हणून महाग न पडणारा. जोडणीतला सोपेपणा इथे सोल्डरिंगच्या फार आधी, सामान आणायला निघतानाच सुरू झाला होता. जो भाग गावात मिळत नाही तो बोर्डावर कितीही सोप्या जागी असला तरी उपयोग काय?

मूळ संच नक्षी न कोरलेल्या कोऱ्या कॉपर क्लॅडवर, सगळं तांबं ग्राउंड धरून त्याच्या वर हवेत भाग जोडत, उभा करता येई. हॅम मंडळी या पद्धतीला लाडाने ‘अग्ली’ म्हणतात. ती दिसायला ओबडधोबड असते, पण रेडिओच्या लहरींना मानवते, कारण ग्राउंड सलग राहतं. तोटा असा की प्रत्येक जण आपापल्या अकलेने भाग मांडतो. शंभर संच शंभर प्रकारचे झाले की एकाला आलेली अडचण दुसऱ्याला ओळखता येत नाही. म्हणून मग देशोदेशीच्या हौशींनी बिटएक्ससाठी पीसीबी, म्हणजे तांब्यात नक्षी कोरलेले बोर्ड, आखायला घेतले. तिथून खरी सुधारणा सुरू झाली.

इस्त्रीतून उतरलेली नक्षी

घरच्या पीसीबीची कृती अजूनही तीच आहे. नक्षी लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर छापायची, कागद घासून लख्ख केलेल्या तांब्यावर उपडा ठेवायचा, वरून गरम इस्त्री दाबून फिरवायची. टोनर वितळून तांब्याला चिकटतो. कागद पाण्यात भिजवून चोळून काढला की काळी नक्षी उरते. मग फेरिक क्लोराईडच्या तांबूस द्रावणात बोर्ड हलवत राहायचं. उघडं तांबं विरघळतं, टोनरखालचं टिकतं. शेवटी बारीक ड्रिलने भोकं. रेझिस्टरला ०.८ मिलिमीटर, कनेक्टरच्या जाड पायांना १ किंवा त्याहून थोडं मोठं.

या कृतीतली प्रत्येक पायरी आखणाऱ्याला काहीतरी सांगते. इस्त्री जिथे कमी दाबली जाते, तिथे बारीक रेघ तुटते. म्हणून घरच्या बोर्डावर रेघा जाड आणि दोन रेघांमधली फट मोकळी ठेवायची. हाताने पाडलेलं भोक केसभर सरकतं, म्हणून पॅड मोठे हवेत, नाहीतर ड्रिलबरोबर पॅडच उखडून येतो. कारखान्यातल्या बोर्डात भोकाच्या आतल्या भिंतीवर तांबं चढवलेलं असतं. घरी ते होत नाही. म्हणून दुहेरी बोर्डावर भागाचा पाय वरून आणि खालून असा दोन्हीकडे सोल्डर करावा लागतो. आता आयसीच्या सॉकेटखाली अशी जागा ठेवली तर वरच्या बाजूला सोल्डरिंग आयर्न शिरणार कसं? आखणारा संगणकावर हे विसरतो, जोडणारा मात्र आयर्न हातात धरून बसतो. अनुभवी हौशी अशा वेळी एकाच बाजूचा बोर्ड घेतात आणि चार ठिकाणी वरून तारेचे जंपर टाकतात.

आणखी एक जुनी गंमत. नक्षी आरशात दिसावी तशी उलटी छापायची असते आणि ते विसरायला होतं. यावर उपाय म्हणून बोर्डाच्या कोपऱ्यात तांब्यातच चार अक्षरं ठेवतात. तयार तांब्यावर ती सरळ वाचता आली तर नक्षी बरोबर. फेरिक क्लोराईडमध्ये बोर्ड बुडवण्याआधी एक नजर टाकली की पुढचं सगळं काम वाचतं.

सोपं म्हणजे काय

बोर्ड जोडायला सोपा करायचा म्हटलं की नवख्याला वाटतं, भाग दूर दूर ठेवले की झालं. जाणकार मंडळींचे नियम याहून बारकाईचे असतात, आणि ते बहुतेक कोणाच्या ना कोणाच्या फसलेल्या संचातून आलेले असतात.

बोर्डावर ‘आर१४’ असं छापलं तर जोडणाऱ्याला दर वेळी यादी उघडून आर१४ म्हणजे किती ओहम हे पाहावं लागतं. ‘२२०’ असं थेट छापलं तर यादी बाजूला राहते. पण नंतर दोष शोधताना सर्किटच्या नकाशावर नेमका कुठला २२० हे कळायला आर१४ही लागतंच. म्हणून जागा असेल तिथे दोन्ही छापायचं, आणि एकच बसत असेल तर भाग बसल्यावरही अक्षरं झाकली जाणार नाहीत अशी ती सरकवायची. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या अंगावर उणे टोकाचा पट्टा असतो, बोर्डावर मात्र पुष्कळदा अधिकाचं चिन्ह छापलेलं असतं. दोन खुणा परस्परविरुद्ध टोकं दाखवतात आणि घाईत कपॅसिटर उलटा बसतो. दोन्ही खुणा छापायला खर्च शून्य. सगळे डायोड एकाच दिशेला तोंड करून ठेवले, तर एखादा उलटा बसलेला असेल तो रांगेतून लगेच डोळ्यांत भरतो.

किमतींची काटकसर हा आणखी एक धडा. गणिताने एका जागी ९१० ओहम आणि दुसरीकडे १ किलोओहम येत असेल, आणि ९१०च्या जागी १ किलोओहमने फरक पडत नसेल, तर दोन्हीकडे तोच घालायचा. यादीतली प्रत्येक वेगळी किंमत म्हणजे आणखी एक पुडी आणि चुकीची आणखी एक संधी. सुरुवातीला सांगितलेल्या ट्रान्झिस्टरचा पेचही आखणाऱ्याला सोडवता येतो: बोर्डावरच्या ट्रान्झिस्टरच्या आकृतीशेजारी तीन पायांना ई, बी, सी अशी अक्षरं टाकायची. मग बाजारातून कुठलाही जुळा आणा, अक्षरं पाहून वळवून बसवा.

सर्वांत जास्त संच मात्र जिथे अडतात ती जागा नकाशावर दिसत नाही. ग्राउंडचा मोठा तांब्याचा पत्रा आयर्नची उष्णता ओढून घेतो. सोल्डर वरवर वितळल्यासारखा दिसतो, आत पाय सुटाच राहतो. हाच तो बदनाम ‘ड्राय सोल्डर’. यासाठी पॅड आणि पत्रा यांच्यामध्ये चार बारीक पट्ट्यांचाच पूल ठेवतात, म्हणजे वीज जाते पण उष्णता अडते. जोडणाऱ्याला हा पूल दिसतही नाही. फक्त त्याचा डाग नीट लागतो.

आणि चाचणीच्या जागा. नीट आखलेला बोर्ड टप्प्याटप्प्याने जोडता येतो. आधी ऑडिओ, मग तिथे मल्टिमीटर लावून व्होल्टेज बघा, बरोबर असेल तर पुढे. सगळं एकदम जोडून शेवटी स्विच दाबला आणि काहीच झालं नाही, तर शोधायचं कुठून? टप्प्याटप्प्याच्या बोर्डात दोष शेवटच्या चार-सहा भागांतच असणार, हे आधीच ठरलेलं असतं.

साधारण गेल्या दहा-बारा वर्षांत या सगळ्याला वेग आला तो दोन गोष्टींमुळे. फ्रान्समध्ये १९९२ साली सुरू झालेलं किकॅड हे मोफत सॉफ्टवेअर प्रौढ झालं. २०१३पासून त्याच्या घडणीला युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेनेही हातभार लावला. आणि चीनमधले कारखाने १० बाय १० सेंटिमीटरपर्यंतचे पाच बोर्ड काही डॉलरांत बनवून पाठवू लागले. इस्त्री आणि फेरिक क्लोराईड आता हौस म्हणून उरलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोर्ड सुधारणं परवडू लागलं. पहिल्या खेपेत चुकलं तर फाईल दुरुस्त करा आणि पुन्हा मागवा.

कारखान्यातून आलेला अर्धा संच

२०१६च्या अखेरीस बिटएक्सचा नवा अवतार आला. ७ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे ४० मीटरचा. भारतातल्या हॅम मंडळींचा देशांतर्गत गप्पांचा हा आवडता पट्टा. ‘बिटएक्स४०’चा बोर्ड यंत्राने जोडून, तपासून येत होता, भाग होते सरफेस माउंट. जोडणाऱ्याने करायचं ते बाहेरचं काम: आवाजाचं बटण, माइक, स्पीकर, अँटेनाचं सॉकेट यांच्या तारा लावायच्या आणि सगळं एखाद्या डब्यात बसवायचं. डबा मात्र ज्याचा त्याचा.

इथे कामाची वाटणी कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. बारीक भाग यंत्राने बसवले. ०४०२ मापाचा रेझिस्टर १ बाय अर्धा मिलिमीटर असतो. चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तो धुळीच्या कणाइतकाच दिसतो. टोरॉइडवर तार गुंडाळण्याचं काम मात्र भाग बसवणाऱ्या यंत्राला जमत नाही आणि नवख्याला सर्वांत भीती त्याचीच. तार भोकातून एकदा गेली की एक वेढा, एवढाच नियम. पण बाहेरून मोजणारे एक वेढा कमी-जास्त करतात. तीन तारा एकत्र पिळून गुंडाळल्या की कुठलं टोक कुणाचं हे मल्टिमीटरने शोधावं लागतं, आणि तारेवरचं इनॅमल नीट खरवडलं नाही तर डाग वरवर लागतो. बिटएक्स४०साठी हे काम हैदराबादमधल्या स्त्रियांच्या एका गटाकडे गेलं. जे काम दूरच्या हजारो खरेदीदारांनी एकेकदा, चाचपडत केलं असतं, ते सराव झालेल्या थोड्या हातांनी रोज केलं. त्या हातांना त्यातून मिळकतही झाली.

संच स्वस्त होता आणि सर्किट, सॉफ्टवेअर सगळं खुलं. पुढे त्याला ‘रॅडुइनो’ नावाचा छोटा बोर्ड जोडला गेला: आर्डुइनो नॅनो, वर दोन ओळींचा डिस्प्ले आणि एसआय५३५१ ही लहरी निर्माण करणारी चिप. त्यामुळे नळाच्या वॉशरवरच्या ऑसिलेटरसारखी उष्णतेबरोबर लहर सरकण्याची कटकट संपली. एसआय५३५१चे पाय अर्ध्या मिलिमीटरच्या अंतरावर. ती हाताने बसवणं म्हणजे कसोटीच. तीही कारखान्यातच बसून आली.

हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये २०१०पासून ‘लामकान’ नावाची खुली सांस्कृतिक जागा चालते. नाटकं, गाणी, वाद-चर्चा यांची ती जागा. तिच्या संस्थापकांत अशर फरहान आहेत. तिथे हौशी रेडिओचा क्लबही भरतो. कलाकारांचा अड्डा आणि सोल्डरिंगचं टेबल एका आवारात असावं यात काही विचित्र वाटत नाही. दोन्हीकडे लोक फावल्या वेळात, पैशाशिवाय, कष्टाचं काम करायला जमतात.

धूर, आणि न दिसणारा दोष

डिसेंबर २०१७मध्ये ‘मायक्रो बिटएक्स’ आला: ३ ते ३० मेगाहर्ट्‌झ, सुमारे १० वॉट, सुरुवातीची किंमत १०९ डॉलर. हजारो लोकांनी तो एकदम जोडायला घेतला, आणि अनोळखी हातांत बोर्डाची परीक्षा सुरू झाली.

पहिला दोष धुरातून कळला. आवाजाच्या टीडीए२८२२ या चिपच्या काही खेपा, अंगावर ‘डब्ल्यूएक्स’ ही अक्षरं असलेल्या, संचाच्या १२ व्होल्टच्या आसपासच्या पुरवठ्यावर फुटायच्या. चिप यंत्राने बसवलेली, त्यामुळे खरेदीदाराचा काही दोष नाही. पुढच्या चौथ्या आवृत्तीत ती चिपच काढून टाकली आणि तिथे सुटे ट्रान्झिस्टर आले. कुठल्याही गल्लीत मिळणारे, आणि जळले तर एकेक बदलता येणारे.

दुसरा दोष कोणाच्याच नजरेला पडला नसता. ७ मेगाहर्ट्‌झवर बोलणारा संच १४, २१ मेगाहर्ट्‌झवरही थोडी कुजबुज करतो; या हार्मोनिक्स अडवायला फिल्टर असतात. ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम अॅनालायझर होता अशा हौशींनी मोजलं, तर ही गळती प्रमाणाबाहेर. अमेरिकेच्या नियमानुसार ती मुख्य शक्तीपेक्षा निदान ४३ डेसिबेलने कमी हवी, म्हणजे जवळपास वीस हजारावा हिस्सा. १० वॉटच्या संचाला हे अर्ध्या मिलिवॉटचं बंधन झालं. फिल्टर बरोबर होते, त्यांचे कॉइल बरोबर होते. मग वाट कुठून फुटली? फिल्टरचं आत जाणारं आणि बाहेर येणारं टोक एकाच रिलेवर, म्हणजे विजेने चालणाऱ्या स्विचवर, शेजारी शेजारी होतं. नको ती लहर फिल्टरमध्ये शिरायच्या भानगडीत न पडता रिलेतूनच पलीकडे उडी मारत होती.

रिले कमी असले की बोर्ड लहान होतो, स्वस्त होतो, जोडायला सोपा होतो. त्याच काटकसरीने इथे रेडिओ बिघडवला होता. जोडणीचा सोपेपणा आणि विजेचं वागणं यांचं कधीकधी पटत नाही, आणि तेव्हा विजेचंच ऐकावं लागतं. हौशींनी जादा रिलेचे छोटे जोडबोर्ड बनवले, मोजमापं एकमेकांना दिली. २०१९च्या पाचव्या आवृत्तीत मूळ बोर्डाचीच मांडणी बदलली.

सहावी आवृत्ती आली तेव्हा लक्ष पुन्हा जोडणीकडे वळलं. माइक, हेडफोन, अँटेना, वीज यांची सॉकेट थेट बोर्डावरच बसवून आली, रॅडुइनो रंगीत पडद्यासह वरून खोचायचा. आधीच्या आवृत्त्यांत दोष शोधताना पुष्कळदा ज्या लोंबत्या तारांपाशी यावं लागे, त्या बहुतेक गेल्या. सोल्डरिंग आयर्न न तापवताही संच उभा राहू लागला.

मग बनवणं उरलं कुठे

जुन्या मंडळींची तक्रार इथे सुरू होते, आणि ती उडवून लावण्याजोगी नाही. खोचून-पिळून उभा केलेला संच ‘होमब्रू’, म्हणजे घरी बनवलेला, कसा? हा प्रश्न तसा नवा नाही. अमेरिकेतल्या हीथ कंपनीने १९४७मध्ये ऑसिलोस्कोपचा किट काढला, आणि पुढे तिच्या पुस्तिका इतक्या बारकाईने लिहिल्या गेल्या की प्रत्येक डागासमोर खूण करायला चौकोन असे. सूचना पाळणाऱ्याला सर्किट कळलं नाही तरी संच चालायचा. या किटने रेडिओ शिकवला की नुसता विकला, हा वाद तेव्हाही होता. १९९२ साली हीथने किटचा धंदा बंद केला. वाद मात्र किट आहेत तोवर चालणारच.

बिटएक्सच्या प्रवासात या वादाचं एक उत्तर सापडतं. काय सोपं केलं आणि काय उघडं ठेवलं, हे वेगवेगळं पाहावं लागतं. बारीक भाग, कॉइल, तारा हे सगळं सोपं झालं. पण सर्किटचा नकाशा, सॉफ्टवेअर, बोर्डाची मांडणी उघडी राहिली. म्हणूनच हार्मोनिक्सचा दोष विकत घेणाऱ्यांनी शोधला आणि विकत घेणाऱ्यांनीच त्याचे पहिले उपाय बनवले. बंद डब्यातला संच असता तर तो दोष कंपनीची तक्रारवही आणि तिचं उत्तर यांच्यातच अडकला असता.

घरचा बोर्ड सुधारणाऱ्यांनी सोपेपणाचं माप म्हणूनच बदलायला हवं. किती मिनिटांत जोडून होतो हे माप कारखान्याला शोभतं. तिथे मिनिटांना पैसे पडतात. हौशी माणसाकडे रविवार असतो. त्याचा बोर्ड सोपा तेव्हा, जेव्हा तो चालला नाही तर कोणाला न विचारता, मल्टिमीटर आणि नकाशा घेऊन, तो का चालत नाही हे त्याला शोधता येतं. ट्रान्झिस्टरशेजारची ई, बी, सी ही तीन अक्षरं त्यासाठीच छापायची. ती भाग बसवताना उपयोगी पडतातच. पण सहा महिन्यांनी कलेक्टरचं व्होल्टेज कुठे मोजायचं हे सांगताना त्यांची किंमत जास्त असते.